मोटारीतील संगीत : मर्यादित खर्चात, योग्य क्रमाने

मोटार खरेदी हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनातील घराच्या खालोखालचा मोठा आर्थिक निर्णय होय. इंजिन, इंधनाचा खर्च, सुरक्षितता आणि विक्रीपश्चात सेवा यांचा विचार प्रत्येक खरेदीदार करतोच. परंतु वाहनकर्जाचे अर्ज हाताळताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एकाच मोटारीच्या दोन श्रेणींमध्ये निवड करताना अनेक ग्राहकांना वरच्या श्रेणीतील मोठा पडदा, जादा स्पीकर आणि 'उत्तम साउंड' यांचे आकर्षण वाटते. दोन श्रेणींमधील फरक १ लाख रुपयांचा आहे असे धरू. ही रक्कम द.सा.द.शे. ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर मासिक हप्ता सुमारे २,०७६ रुपयांनी वाढतो आणि मुदतीअखेर सुमारे २४,५५० रुपये केवळ व्याजापोटी जातात.

या व्याजाएवढ्याच रकमेत साध्या श्रेणीच्या मोटारीतील मूळ म्युझिक सिस्टिम अतिशय समाधानकारक करता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. वरच्या श्रेणीत अधिक एअरबॅग किंवा तत्सम सुरक्षा-साधने मिळत असतील, तर तिचा विचार त्या कारणासाठी अवश्य करावा. केवळ संगीतासाठी मात्र तिचा विचार करू नये. अट एकच आहे : पैसा योग्य क्रमाने खर्च झाला पाहिजे. तो क्रम कोणता आणि त्यामागील कारणे कोणती, हे प्रस्तुत लेखात पाहू.

ध्वनीचा प्रवास

अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' या नावाने मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. पुढे कॅसेट आली, १९८४ मध्ये पायोनियर कंपनीचा मोटारीतील सीडी प्लेअर आला आणि आता तर गाणे मोबाईलमधूनच येते. साधने बदलली, तरी ध्वनीचा मार्ग तोच आहे. मूळ ध्वनिमुद्रण, ते वाजविणारे मुख्य यंत्र म्हणजे हेड युनिट, त्याची शक्ती वाढविणारा ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि शेवटी तो स्पीकर ज्यात बसविला आहे ते मोटारीचे दार, असे या मार्गावरील पाच टप्पे होत.

गच्चीवरील टाकी कितीही मोठी घेतली, तरी नळाची तोटी बारीक असेल तर बादली सावकाशच भरते. बहुतेक मोटारींमध्ये ही बारीक तोटी शेवटच्या दोन टप्प्यांत, म्हणजे स्पीकर आणि दार येथे असते. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कंपनी तेथे लहान चुंबकाचे, हलक्या कागदी पडद्याचे स्पीकर बसविते आणि दाराचा पत्रा मोकळाच ठेवते. ग्राहक मात्र दुकानात गेला, की प्रथम नवा पडदा विकत घेतो. कारण तो डोळ्यांना दिसतो. दाराच्या आत काय आहे ते दिसत नाही.

वॅटचे गणित

दुकानातील खोक्यावर '५० वॅट × ४' असे ठळक छापलेले असते. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. ग्राहकाने 'आरएमएस' म्हणजे सातत्याने मिळणाऱ्या शक्तीचा आकडा पाहावा. इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४.४ व्होल्ट दाब असतो. हेड युनिटच्या आतील ॲम्प्लिफायरला एवढ्याच दाबावर काम करावे लागते. या कमाल दाबाला १.४१४ ने भागल्यास परिणामी दाब सुमारे १०.२ व्होल्ट येतो. त्याचा वर्ग १०४. आणि ४ ओहमच्या स्पीकरने भागल्यास २६ वॅट. ही झाली कागदावरील सीमा. प्रत्यक्षात एका स्पीकरला १८ ते २२ वॅटच मिळतात.

आपल्या ग्राहकांना हे उदाहरण परिचित वाटेल. 'सपाट दर १० टक्के' अशी जाहिरात असलेले तीन वर्षांचे कर्ज घटत्या शिलकीवर मोजले, तर दर जवळजवळ १८ टक्के पडतो. तेथे छापलेला आकडा खऱ्यापेक्षा लहान असतो, येथे मोठा असतो. सावधगिरी मात्र दोन्हीकडे सारखीच हवी.

दुसरा महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा. १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी मिळतो, हे तो सांगतो. ध्वनी ३ डेसिबलने वाढवायचा, तर दुप्पट शक्ती लागते. म्हणजेच ८७ डेसिबलचा स्पीकर ४० वॅट घेऊन जेवढा वाजेल, तेवढाच ९० डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये वाजतो. ज्याला तूर्त वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नाही, त्याने ९० डेसिबल किंवा त्याहून अधिक संवेदनशीलतेचा स्पीकर निवडावा. खोक्यावरील '३०० वॅट' या शब्दांपेक्षा हा लहान अक्षरांतील आकडा कितीतरी अधिक उपयोगाचा असतो.

तिसरा आकडा ओहमचा. मूळ स्पीकर ४ ओहमचा असेल तर नवाही ४ ओहमचाच घ्यावा. कमी ओहमचा स्पीकर जोडल्यास हेड युनिटवर विजेचा भार वाढून ते तापते.

बिनखर्चाची पायरी

पैसे खर्च करण्यापूर्वी एक सुट्टीचा दिवस पुढील गोष्टींसाठी द्यावा.

१. बास आणि ट्रेबल शून्यावर आणावेत. 'लाउडनेस' आणि तत्सम परिणाम बंद करावेत. मोबाईलमधील इक्वलायझरही बंद करावा; तो आणि गाडीतील इक्वलायझर दोन्ही चालू असल्यास आवाज विकृत होतो.

२. फेडर थोडा पुढे आणावा. मैफलीत आपण गायकाकडे तोंड करून बसतो. मोटारीतही ध्वनी समोरून यावा.

३. ध्वनिमुद्रणाचा दर्जा तपासावा. वर्षानुवर्षे एका पेन-ड्राइव्हवरून दुसऱ्यावर उतरविलेल्या ६४ किंवा १२८ केबीपीएसच्या फाइलींमध्ये मुळातच तपशील उरलेला नसतो. शक्य तेथे ३२० केबीपीएस किंवा अधिक दर्जाच्या फाइली वापराव्यात. ॲपवरून गाणी ऐकणाऱ्यांनी त्यातील दर्जाची सेटिंग 'हाय' करावी.

४. ब्लूटूथने ध्वनी पाठविताना तो पुन्हा एकदा संकुचित केला जातो. तेच गाणे यूएसबी केबलने वाजवून फरक पाहावा.

५. दाराच्या कप्प्यातील बाटल्या, नाणी व किल्ल्या काढून पाहाव्यात. 'स्पीकर फाटला' असे वाटणारा खरखराट पुष्कळदा तेथूनच येतो.

तपासणीसाठी आपल्या नित्य परिचयाचे ध्वनिमुद्रण घ्यावे. पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगवाणीचे एखादे ध्वनिमुद्रण यासाठी उत्तम. त्यात पखवाजाचा घुमारा खालच्या पट्टीत, गायकाचा आवाज मध्ये आणि टाळ वरच्या पट्टीत असतात. पखवाज 'धप्प' असा बसका वाजतो, की त्याचा घुमारा कळतो? टाळ किणकिणतात, की पत्र्यासारखे कानावर आदळतात? या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. खर्च केल्यानंतर फरक पडला की नाही, हे याच ध्वनिमुद्रणावर ताडून पाहता येते.

पहिली पायरी : पुढील दोन दारे

खर्चाचा पहिला रुपया पुढील दोन दारांवर पडला पाहिजे. भारतातील अनेक छोट्या मोटारींत तेथे साडेसहा इंची, म्हणजे सुमारे १६ ते १७ सेंटिमीटरचे स्पीकर बसतात. मात्र व्यासासोबत खोलीही मोजावी. काच पूर्ण खाली केल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाला घासत नाही, याची खात्री फिटरकडून करून घ्यावी.

स्पीकर दोन प्रकारचे असतात. कोॲक्सिअल प्रकारात उच्च स्वरांचा ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्यभागीच असतो. बसविणे सोपे आणि किंमत कमी. कंपोनंट प्रकारात ट्वीटर वेगळा असतो आणि तो कानाच्या पातळीजवळ बसविता येतो. उच्च स्वर सरळ रेषेत जातात. गुडघ्याजवळच्या स्पीकरमधून ते कानापर्यंत नीट पोहोचत नाहीत. म्हणून ज्या मोटारीत आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर ट्वीटरची जागा आधीच ठेवलेली आहे, तेथे कंपोनंट संच घेणे श्रेयस्कर. परंतु समोरील काचेलगतच्या खांबाच्या आवरणावर 'एअरबॅग' असे लिहिलेले असल्यास तेथे छिद्र पाडणे वा ट्वीटर बसविणे सर्वथा टाळावे. एअरबॅग उघडताना तो ट्वीटर दगडासारखा अंगावर येऊ शकतो.

आता दाराविषयी. स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागील बाजूस उलटी ध्वनिलहर तयार होते. दाराच्या पत्र्यातील मोठ्या छिद्रांतून ती लहर पुढच्या लहरीत मिसळली, की दोन्ही एकमेकींना छेदतात आणि खालचे स्वर नाहीसे होतात. शिवाय पातळ पत्रा स्वतःही कंप पावतो. यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. ब्युटाइल रबरचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा अशी तिची रचना असते. बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूस तिचे काही तुकडे लावावेत आणि आतील पत्र्यावरील छिद्रे तिने झाकावीत. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी असलेली छिद्रे मात्र मोकळीच ठेवावीत. ती बंद झाल्यास दार आतून गंजते. कोकण, केरळ किंवा ईशान्य भारतात राहणाऱ्या वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. छतावर वापरण्याची डांबराची शीट स्वस्त मिळते. परंतु ती उन्हात मऊ होऊन वास येतो व पाझरते. ती घेऊ नये.

स्पीकर जोडताना अधिक व उणे टोकांची अदलाबदल एका बाजूस जरी झाली, तरी दोन्ही स्पीकर परस्परविरुद्ध हालतात आणि बास हरवतो. बॅलन्स एका बाजूस फिरविल्यावर बास वाढल्यासारखा वाटला, तर जोडणी उलटी झाली असे समजावे.

आणखी एक प्रचलित खर्च टाळण्यासारखा आहे. मागील पार्सल ट्रे कापून त्यात सहा-बाय-नऊ इंची लंबवर्तुळाकार स्पीकर बसविण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. त्यामुळे गायक पाठीमागे बसल्यासारखा वाटतो. शिवाय ट्रे पक्का बसविलेला नसल्यास, अपघाताच्या वेळी ते वजन मागे बसलेल्यांच्या डोक्यावर आदळण्याचा धोका असतो.

दुसरी पायरी : ॲम्प्लिफायर

दारे आणि स्पीकर सुधारल्यानंतर दोन-तीन महिने ऐकावे. अनेकांचे समाधान येथेच होते. मोठ्या आवाजात स्वर फाटत असतील, तरच ॲम्प्लिफायरकडे वळावे. मूळ हेड युनिट तसेच ठेवून, त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच संदेश घेणारे ॲम्प्लिफायर मिळतात. खरेदी करताना 'हाय लेव्हल इनपुट' आहे का, एवढे विचारावे.

येथे विजेचा हिशेब महत्त्वाचा. चार वाहिन्यांचा, प्रत्येकी ५० वॅट आरएमएसचा ॲम्प्लिफायर एकूण २०० वॅट देतो. 'क्लास डी' प्रकाराची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास तो पूर्ण शक्तीवर १३.८ व्होल्टला सुमारे १८ अँपिअर प्रवाह ओढेल. जुन्या 'क्लास एबी' प्रकारात ६० टक्के कार्यक्षमतेने हाच प्रवाह सुमारे २४ अँपिअर होईल. एवढा प्रवाह हेड युनिटच्या बारीक तारेतून घेता येत नाही. बॅटरीपासून सुमारे ८ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढावी लागते. ती शुद्ध तांब्याचीच असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तशीच असते, पण तितकाच प्रवाह वाहताना अधिक तापते.

या तारेवर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे. तो ॲम्प्लिफायरसाठी नसून मोटारीसाठी असतो. तार घासून उघडी पडली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडतो व आग टळते. हा काही रुपयांचा भाग नसेल, तर लाखोंची मालमत्ता आणि आतील माणसे यांना धोका संभवतो. काम पूर्ण झाल्यावर बॉनेट उघडून फ्यूज दाखविण्यास फिटरला सांगावे, यात संकोच नसावा.

ॲम्प्लिफायरवरील 'गेन' म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून गेन हळूहळू वाढवावा व स्वर फाटू लागताच थोडा मागे घ्यावा. दारातील स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे स्वर फिल्टरने तोडावेत. त्यामुळे ते मोकळेपणाने वाजतात.

सबवूफर आणि नवे हेड युनिट ही शेवटची पायरी होय. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरील बटणे आणि काही गाड्यांत इशाऱ्याचे ध्वनीही मूळ युनिटशी जोडलेले असतात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पार्किंग सेन्सर आणि वेगमर्यादेचा इशारा अनिवार्य झाला आहे. युनिट बदलल्याने यांपैकी काही बंद पडणार असेल, तर तो बदल करू नये.

नमुन्याचे अंदाजपत्रक

शहराशहरांत दर वेगळे असतात. दिल्लीचे करोल बाग, बंगळुरूचा जे. सी. रोड किंवा चेन्नईचा जनरल पॅटर्स रोड येथे घासाघीस चालते, लहान गावी पर्याय कमी असतात. म्हणून पुढील रकमांपेक्षा त्यांच्यातील प्रमाणाकडे लक्ष द्यावे.

पहिला टप्पा : पुढील कंपोनंट स्पीकर ६,००० रुपये; डॅम्पिंग शीट ३,००० रुपये; रिंग, कपलर व मजुरी २,००० रुपये. एकूण ११,००० रुपये.

दुसरा टप्पा : चार वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर ९,५०० रुपये, तांब्याची तार, फ्यूज व इतर साहित्य २,५०० रुपये, मजुरी २,००० रुपये. एकूण १४,००० रुपये.

दोन्ही मिळून २५,००० रुपये होतात. पहिला टप्पा झाल्यावर दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केल्यास सात महिन्यांत दुसऱ्या टप्प्याची रक्कम जमते, वर व्याजही मिळते. याउलट क्रेडिट कार्डावरील थकबाकीस दरमहा साडेतीन टक्के व्याज लागले, तर वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या घरात जाते. संगीतासाठी एवढे व्याज देण्याचे कारण नाही. 'विनाव्याज हप्ता' योजनेतही प्रक्रिया शुल्क किती, त्यावरील कर किती आणि रोखीची सूट सोडावी लागते का, हे विचारावे.

वॉरंटी, विमा आणि बिल

मूळ वायरिंग कापू देऊ नये. प्रचलित मोटारींसाठी मूळ जोडणीत थेट बसणारे कपलर मिळतात. ते थोड्या रकमेत येतात आणि मोटार विकताना सर्व पूर्ववत करता येते. तारा कापल्यास विजेसंबंधीच्या दुरुस्तीची वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते. मूळ स्पीकर जपून ठेवावेत.

विम्याचा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. मोटारीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या छापील विक्री किमतीवरून ठरते. आपण बाहेरून बसविलेली साधने त्यात येत नाहीत. ती 'इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक उपसाधने' म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात व त्यासाठी सामान्यतः त्यांच्या मूल्याच्या ४ टक्के जादा हप्ता आकारला जातो. २५,००० रुपयांच्या साधनांसाठी हा हप्ता १,००० रुपये होईल. नोंद नसल्यास दाव्याच्या वेळी त्यांची भरपाई मागता येत नाही. नोंदीसाठी जीएसटीसह पक्के बिल लागते. म्हणून 'बिलाविना स्वस्त' हा प्रस्ताव प्रत्यक्षात महागच पडतो.

कानांचे भांडवल

चांगल्या सिस्टिमचा खरा उपयोग मोठ्याने ऐकण्यासाठी नसून कमी आवाजात स्पष्ट ऐकण्यासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेची कामाच्या ठिकाणांसाठीची शिफारस अशी, की ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा असावी आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा व्हावा. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती मुदतीपूर्वी मोडलेली आणि पुन्हा न ठेवता येणारी ठेव आहे. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यावा, इतकाच आवाज ठेवणे हा चालकाचा धर्मही आहे.

सारांश, आधी विनामूल्य सुधारणा, नंतर दारे व पुढील स्पीकर, गरज भासल्यास ॲम्प्लिफायर आणि सर्वांत शेवटी पडदा, हा क्रम पाळावा. प्रत्येक पायरीवर थांबून तेच परिचित ध्वनिमुद्रण ऐकावे. पखवाजाचा घुमारा आणि टाळांची किणकिण दोन्ही स्पष्ट ऐकू आली, की तेथेच खर्च थांबवावा. उरलेली रक्कम आवर्ती ठेवीत राहू द्यावी. टायर आणि बॅटरी बदलण्याची वेळ पुढे येणारच असते.